चढाई चालू असताना

दारव्ह्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना डिसेंबरात कापूस लागतो. झाडाला तो फुटत नाही. शिगोशीग भरलेल्या गाड्या खालून जातात तेव्हा काटे तो ओरबाडून घेतात आणि मग फेब्रुवारीपर्यंत अंगावर वागवतात. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, अगदी बर्फ पडल्यासारखं वाटतं हो. आम्ही बर्फ पाहिलेला नाही. आम्हाला तो कापूसच दिसतो, आणि कुणाचा तरी दिसतो.

यंदाही बाभळी पांढऱ्या झाल्या. हवेत सरकीचा तो तेलकट, उबट वास आला. जिल्हा परिषदेच्या शाळेमागच्या मैदानावर कुणीतरी माती चाळायला घेतली, शेणपाणी शिंपडलं, चुन्याच्या रेषा मारल्या. हिवाळ्याचे कबड्डीचे सामने. दरवर्षी ते येतात आणि दरवर्षी मी काहीतरी काम काढून त्या आठवड्यात पुसदला बहिणीकडे जातो. यंदा मात्र सामने भरवणाऱ्या मंडळाची माणसं मला घरीच गाठून गेली. हातात निमंत्रणपत्रिका होती, लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जाड. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्रेरणास्थान अशी अकरा नावं आधी, आणि त्यानंतर, जागा उरली म्हणून छापल्यासारखं, जिचा सत्कार आहे तिचं नाव: करुणा नगराळे, टीव्हीवर कबड्डीचं समालोचन करणारी आपल्या जिल्ह्यातली पहिली बाई. त्याखाली माझं. ‘मनोगत’.

“पाच मिनिटं बोला, सर,” ते म्हणाले. “त्या चिठ्ठीबद्दल. तुम्हीच तं देल्ली होती न ताईच्या हातात. तुमच्याशिवाय कोन बोलनार?”

तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

करुणाताईंना मी ओळखत होतो तेव्हा त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, तेही विनाअनुदानित तुकडीवर. शाळा भरते, हजेरी लागते, चुकलं तर नोटीस मिळते आणि पगार तेवढा मिळत नाही, अशी ही व्यवस्था. त्यांनी स्वतः विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेली. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं राहिलं होतं, ते त्या खडूसारखं धरायच्या. मी कॉलेजात ग्रंथपाल. अक्षर चांगलं म्हणून मला सामन्यांत गुणलेखक करत. आमच्याकडे अक्षर चांगलं असलं की माणसाला कुठेही बसवतात.

समालोचनाला त्या आल्याच नव्हत्या. मंडळानं त्यांना बोलावलं होतं ते पाहुण्यांना ओवाळायचं ताट धरायला. त्या काळी आमचे समालोचक होते एक मराठीचे निवृत्त शिक्षक. ते चढाईला ‘सिंहाची झेप’ म्हणत, पकडीला ‘मगरमिठी’ म्हणत, आणि गेटातून कुणी पांढरे कपडे घातलेला माणूस आत आला की सिंह आणि मगर दोघांनाही तिथेच थांबवून त्याचं स्वागत करत. हा आमच्याकडचा रिवाजच. सगळ्या चिठ्ठ्या आधी गुणलेखकाच्या टेबलावर यायच्या: अमुक साहेबांचं आगमन, तमुक भाऊंकडून बक्षीस, एक म्हैस सापडली आहे. मी त्या लावून माईकवाल्याकडे सरकवायच्या. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी त्या शिक्षकांचा घसा बसला. मध्यंतर संपलं, खेळाडू मैदानात उभे, माईक टेबलावर पडलेला. करुणाताईंनी ताट खाली ठेवलं आणि माईक उचलला.

“डाव्या कोपऱ्यातला गडी झोपला हाय,” त्यांचं पहिलं वाक्य. “आता याच्यावरच हात पडनार, पाहा.”

पडला. मैदानावर असा हशा उसळला की पंचांनी शिट्टी वाजवली.

ते सामने आमच्या गावात घरोघरी दिसत, कारण अन्वरभाई. अन्वरभाई लग्नांचं शूटिंग करायचे आणि केबलही त्यांचीच. गच्च्यांवरून वायर ओढून त्यांनी मैदान थेट आपल्या खोलीतल्या यंत्राला जोडलं होतं. कॅमेरा एक, माईकही एकच. तोच मैदानाच्या भोंग्यात आणि तोच लोकांच्या टीव्हीत. लग्नांची सवय असल्यानं त्यांचा कॅमेरा चढाईच्या ऐन वेळी खुर्चीवर बसलेल्या कुणाच्या तरी काकांकडे वळे. करुणाताई माईकवरूनच म्हणायच्या, “अन्वरभाई, नवरदेव इकडे हाय जी.” कॅमेरा परत यायचा. असा आमच्या गावात टीव्हीवरचा खेळ सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी नियम केला. चढाई चालू असताना कुठलीच चिठ्ठी वाचायची नाही. गडी परत आला, गुण लागला, की मग स्वागत. याचा परिणाम मोठा मजेदार झाला. आपलं आगमन जाहीर झाल्याशिवाय आपण आलोच नाही, अशी पुढाऱ्यांची प्रामाणिक समजूत असते. ते गेटापाशी थांबू लागले. हार घेतलेली माणसं, मागे चार जीपा, आणि साहेब चप्पल वाजवत चढाई संपायची वाट पाहताहेत! मंडळाच्या अध्यक्षांना हे मुळीच आवडलं नाही. पण दारव्ह्यात, दिग्रसात, पार उमरखेडच्या ढाणकीपर्यंत लोक विचारू लागले, “नगराळे मॅडम हाय का सामन्याले?” आणि मॅडम असतील तरच पोरं उपाशी मैदानावर बसायची. अध्यक्षांना गर्दी हवी होती. त्यांनी नियम गिळला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याकडे पाहुण्यांची तेव्हा रीघ लागलेली. दिल्लीहून, मुंबईहून समित्या यायच्या, बंद गाडीतून उतरायच्या, हातात एक बोंड धरून फोटो काढायच्या. बोंड धरायची एक खास पद्धत असते: तीन बोटांत, जरा वर, चेहरा गंभीर. मी अशी इतकी छायाचित्रं कापून ठेवली होती की कॉलेजात एखादं प्रदर्शन भरलं असतं. तिकडे गावाच्या टोकाला कापूस संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग. केंद्र कधी उघडे, कधी बंद. आज पोती नाहीत, आज जागा नाही, आज कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही. गाडीवाले आठ-आठ, दहा-दहा दिवस रांगेत. बैल सोडलेले, कडबा संपत आलेला, चुलीचे तीन दगड रस्त्याच्या कडेला. तिथला एक कायदा साऱ्यांना पाठ होता: वजनाचा काटा सुरू झाला आणि नंबर पुकारला, तेव्हा माणूस आपल्या गाडीपाशी नसला, तर गाडी रांगेच्या शेपटाला. तिथे कुणाची सबब चालत नसे.

ज्या वर्षाबद्दल मला पाच मिनिटं बोलायचं आहे, त्या वर्षी अंतिम सामन्याच्या दिवशी रविवार होता. केंद्र सहा दिवस बंद. रविवारी काटा सुरू झाल्याचं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून रांगेतली निम्मीअधिक माणसं बैलांपुढे कडबा टाकून दीड किलोमीटर चालत मैदानावर आलेली. मला ती ओळखू येत होती. धोतराला, डोक्याच्या रुमालाला कापसाचे पुंजके. आणि मैदानात खेळणाऱ्या एका संघाचा मुख्य चढाईपटूच रांगेतला. प्रल्हाद राठोड, जवळच्याच एका तांड्यावरचा. घरची गाडी घेऊन तो अकरा दिवस रांगेत होता आणि तिथूनच रोज सामन्याला येत होता. घरात त्याच्याशिवाय गाडी हाकणारं कुणी नव्हतं, हे त्यानंच मला गुणपत्रकावर सही करताना सांगितलं होतं.

“मंग गाडीपाशी कोन हाय?” मी विचारलं.

“बैल हाय जी,” तो हसत म्हणाला. “माह्यापरस शहाने हायेत.”

दुपारचे चार वाजून गेलेले. हिवाळ्याचं ऊन चटकन पिवळं पडतं, तसं पडलेलं. बावीस विरुद्ध बावीस. सामना इतका चुरशीचा की भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचा आवाजही थांबला होता. करुणाताई उभ्या राहून बोलत होत्या. आवाज वाढवत नव्हत्या, उलट कमी करत होत्या. हे त्यांचं खास. खेळ तापला की बाकीचे ओरडतात, त्या कुजबुजायच्या. आणि अख्खं मैदान त्या कुजबुजीसाठी कान पुढे करायचं.

तेवढ्यात रांगेजवळचा चहावाला गजू सायकल टाकून धावत माझ्या टेबलाशी आला. घामानं भिजलेली चिठ्ठी माझ्या हातात. “सर, लवकर वाचाले सांगा. साहेबानं काटा सुरू केला! नारळ फोडला, फोटो काढले. अंधार पडेपर्यंतच चालनार म्हन्ते. नंबर पुकारून राह्यले.”

साहेब म्हणजे आमचेच प्रमुख पाहुणे. मैदानावर यायच्या आधी वाटेत ते केंद्रावर थांबले होते, आणि बंद काटा आपल्या हातानं सुरू करून दाखवला होता. ज्यांच्यासाठी सुरू केला, ती माणसं मैदानावर बसून त्यांचीच वाट पाहत होती.

मी चिठ्ठी उलगडली. गजूच्या गिचमिड अक्षरात दोन ओळी. ‘काटा सुरू झाला. गाडीवाल्यांनी ताबडतोब जावे.’ माझ्या खांद्यावरून अध्यक्षांनी ती वाचली. त्यांच्या हातात दुसरी चिठ्ठी होती, छापील अक्षरांसारखी नीटनेटकी: साहेब निघाले आहेत.

“सर,” ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले. आवाज अगदी गोड. “हे साहेब आल्यावर वाचू. आता वाचलं तं सारं मैदान उठन. साहेब येतीन आन् खुर्च्या पाहातीन का? दहा मिनिटांनं काय बिघडते?”

दहा मिनिटांनी काय बिघडतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पुढाऱ्यांची, हारांची, त्या बोंड धरलेल्या फोटोंची टिंगल करण्यात माझा गावात हात धरणारं कुणी नव्हतं. मी वर पाहिलं. अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही अध्यक्ष तेच होते.

मी चिठ्ठी गुणपत्रकाखाली ठेवली.

नंतर तीन चढाया झाल्या. पहिलीत काही नाही. दुसरीत प्रल्हादच्या संघाला एक. तिसरीत समोरच्यांना एक. तेवीस-तेवीस. ते दोन्ही गुण मी बिनचूक लिहिले. त्या बिनचूकपणाचीच मला पुढे कित्येक वर्षं लाज वाटली. गजू खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आता वाचतील, आता वाचतील. मैदानाच्या कडेला ती रुमालवाली माणसं पुढे झुकून बसलेली, एकमेकांच्या मांड्यांवर चापट्या मारत, हसत.

चौथी चढाई प्रल्हादची. तो मध्यरेषा ओलांडून गेला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. करुणाताईंना गुण सांगायचा होता. त्यांनी डोळे मैदानावरच ठेवून सवयीनं माझ्यापुढचं पत्रक उचललं.

खाली चिठ्ठी होती.

त्यांनी ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. प्रल्हादनं उजवीकडे एक हूल देईपर्यंतच. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. अध्यक्ष पुढे झाले, “मॅडम, चढाई चालू हाय. तुमचाच नियम हाय न?”

करुणाताईंनी माईक तोंडाशी नेला.

“चढाई चालू आहे, तरी सांगते,” त्या म्हणाल्या. आवाज कुजबुजीतून एकदम उघडला. “संकलन केंद्रावर काटा सुरू झाला आहे. नंबर पुकारणं चालू आहे. गाडीवाल्या भावांनो, आत्ता निघा. मॅच नका पाहू. पळा!”

 मग मैदानाची कड उठली. पागोटी, रुमाल, काठ्या, चपला हातात घेतलेली माणसं, धूळ. आणि समोरच्यांच्या हद्दीत श्वास कोंडून उभा असलेला प्रल्हाद. त्याचं ‘कबड्डी’ थांबलं नव्हतं. चार पावलं मागे आला असता तर रेषा होती. तो बाजूला वळला. बाजूची चुन्याची रेषा, बाकं, बाकांमागची दोरी, सगळं ओलांडत तो अनवाणी पळत गेला. गेटाबाहेर जाईपर्यंत त्याचे ओठ हलत होते, असं नंतर गजूनं सांगितलं.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. खेळाडू हद्दीबाहेर गेला की बाद. पळण्याचं कारण नियमपुस्तकात विचारलेलं नाही. मी समोरच्या संघाला एक गुण लिहिला. चोवीस-तेवीस.

साहेब आले ते याच वेळी. पुढे हार, मागे जीपा. अध्यक्ष माईककडे धावले, पण माईक करुणाताईंच्या हातात होता, आणि त्या समोर दिसेल ते सांगत होत्या, जसं नेहमी सांगायच्या.

“सामन्याचं शेवटचं मिनिट. प्रेक्षक उठून गेलेले आहेत. डावीकडच्या सगळ्या जागा रिकाम्या. प्रमुख पाहुणे आत येत आहेत. टाळ्या नाहीत. प्रमुख पाहुणे खुर्च्यांकडे पाहत आहेत. आता मैदानाकडे पाहा, समोरचा संघ वेळ काढतो आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे.”

अन्वरभाईंचा कॅमेरा लग्नातल्यासारखा पाहुण्यांवर होता. त्या दिवशी करुणाताईंनी तो परत बोलावला नाही. सगळ्या गावानं घरी बसून ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मंडळानं त्यांचा माईक काढून घेतला. आठवड्यात शाळेनंही ‘आपल्या सेवेची आवश्यकता नाही’ असं पत्र दिलं. बिनपगारी नोकरीवरून एखाद्याला काढून टाकायलाही आमच्याकडे टाइप केलेला कागद लागतो. त्यांचे वडील पोस्टातून निवृत्त, ते म्हणाले म्हणे, “खरं बोलली न? मंग रडतं काहून?” त्या रडत नव्हत्या, असं त्याच मला पुढे म्हणाल्या, कांदा चिरत होत्या. अन्वरभाईंनी केबल तोडण्याची मंडळाची धमकी खिशात घालून त्या सामन्याची कॅसेट स्वतः नागपूरला नेली. तिथल्या एका वाहिनीच्या माणसानं ते शेवटचं मिनिट तीनदा पाहिलं आणि विचारलं, ही बाई कुठे असते? पुढची वीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. नागपूर, मग मुंबई, खो-खो, कुस्ती, कबड्डीचे मोठे सामने. पुरुष समालोचक ‘आणि आता’ म्हणेपर्यंत यांनी पकड कुठून येणार ते सांगितलेलं असायचं. पहिली काही वर्षं स्टुडिओत त्यांना खेळाडूंच्या बायकांच्या मुलाखती घ्यायला बसवलं. त्या मुलाखतींत त्यांनी बायकांना पकडीबद्दल विचारलं, आणि बायकांनी उत्तरं दिली.

आणि त्यांच्या स्वतःच्या दर मुलाखतीत, त्या दिवसाबद्दल विचारलं की, एक वाक्य: “आमच्या गुणलेखक सरांनी चिठ्ठी दिली, मी वाचली.”

पत्रिका आली त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. म्हटलं, “ताई, हे तुम्ही काहून सांगत राहता? मी चिठ्ठी दिली नव्हती. तुम्हाला माहीत आहे.”

मुंबईत राहूनही त्यांची बोली गेलेली नाही. “सर, टीव्हीवर दीड मिनिट भेटते. त्यात तुमचं पुरं पुरान कुठं सांगू?”

“पण ते खोटं आहे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “मंग तुम्ही सांगा न खरं,” त्या म्हणाल्या. “पन मले कायले सांगता? मले तं मालूमच हाय.”

त्या म्हणाल्या ते बरोबरच होतं. ज्याला सांगायचं तो इथेच होता, दर बाजाराच्या दिवशी मला नमस्कार करणारा. त्या दिवशी बहुतेकांच्या गाड्या वाचल्या, प्रल्हादची नाही. तो पोचला तेव्हा त्याचा नंबर पुकारून झाला होता; बैल जुंपलेले नव्हते म्हणून चार जणांनी हातानं ढकलत गाडी शेपटाला नेली होती. पुढचे नऊ दिवस तो पुन्हा रांगेत. त्यात एक रात्र अवकाळी पाऊस झाला आणि कापूस भिजून पिवळा पडला. हे सगळं मला त्याच वर्षी कळलं होतं. किती मागे राहिला तो? मी हिशेब केला होता. दोन-तीन गाड्यांनी. म्हणजे तीन चढाया.

परवा मी त्याच्याकडे गेलो. तो आता सोयाबीन, तूर लावतो, कापूस थोडा. दरवर्षी याच सामन्यांत पंच असतो. अंगणात वेचणीचा कापूस पसरलेला, त्यातली काडी-कचरा निवडत बसला होता. मी चिठ्ठीबद्दल सांगितलं. गजूनं ती कधी दिली, मी ती कुठे ठेवली, किती वेळ. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे सांगू शकलो नसतो.

तो कापूस निवडत राहिला. मग म्हणाला, “मले मालूम हाय, सर.”

“कधीपासून?”

“त्याच रातीपासून. गजूनं सांगतलं होतं.”

वीस वर्षं. वीस वर्षं हा माणूस बाजारात मला ‘जय सेवालाल, सर’ म्हणत आला, माझ्या मुलाच्या लग्नात जेवून गेला.

“मग तू कधी बोलला काहून नाही?”

त्यानं एक काडी काढून बाजूला टाकली. “तुमी काहून नाई बोलले?”

त्यात टोमणा नव्हता. पंच खेळाडूला नाव विचारतो तसं विचारलं होतं, आणि नाव मिळेपर्यंत तो थांबणार होता. मला सांगता आलं असतं: नोकरी, संस्था, अध्यक्ष. ती सगळी उत्तरं मी वीस वर्षं पाठ करत आलो होतो. 

शेवटी तोच म्हणाला, “तो गुन मात्र बराबर लिवला होता तुमी. म्या लाइन सोडली होती.” मग सरकून त्यानं ताडपत्रीवर माझ्यासाठी जागा केली आणि न निवडलेल्या कापसाचा ढीग माझ्याकडे लोटला.

अंधार पडेपर्यंत आम्ही कापूस निवडला. निघताना मी विचारलं, मंडळाच्या कार्यक्रमात हे सगळं सांगू का, तुझ्यासमोर?

“सांगा,” तो म्हणाला. “पन मी पंच हाय, मैदानात असन. तुमीच जोरानं बोला.”